अ‍ॅम्बॅसडरचा वॉटर पंप परत परत गळतोय? नवीन किट टाकायच्या आधी हे बघा

माझी १९८४ची मार्क फोर, पेट्रोल, १४८९ सीसी. घेतल्यापासून पहिल्या दोन वर्षांत तिचा वॉटर पंप चार वेळा खोलला. दर वेळी तेच व्हायचं, गॅरेजमध्ये नवीन किट (सील, बेअरिंग वगैरे आतल्या पार्ट्सचा सेट) टाकायचे, गाडी दोन-तीन महिने छान चालायची आणि मग एक दिवस सकाळी गाडीखाली परत ओलं. त्यानंतर ओळखीच्यांच्या गाड्यांचे मिळून पंधरा-वीस पंप स्वतः खोललेत आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण तेच सापडलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक स्पष्ट करतो. हे जुन्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. १९९२ नंतरच्या इसुझू १८०० वाल्या गाडीचा पंप वेगळा, त्याला यातले चेक लागू पडतील पण खोलायची पद्धत नाही. बी-सिरीजचा फायदा असा की हेच १४८९ सीसीचं खानदान मॉरिस ऑक्सफर्डमध्ये होतं, १९५५च्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही होतं, त्यामुळे या इंजिनाबद्दल माहिती भरपूर लिहिलेली आहे. पार्टसचं मात्र बघून घ्यावं लागतं, कारण २०१४ला अॅम्बॅसडरचा उत्तरपाड्याचा कारखाना बंद झाल्यापासून बाजारात जे किट मिळतात त्यांची क्वालिटी एकसारखी नाही.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पंपाकडे बघायला हरकत नाही:

- रात्रभर उभी केली की पुढच्या क्रॉसमेंबरच्या (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीच्या) आसपास ओलं, पण गाडी गरम असताना गळती दिसत नाही
- पंपाच्या बॉडीच्या पोटाखाली जे छोटं भोक असतं तिथून खाली गंजाचा तांबूस किंवा क्षाराचा पांढरा ओघळ
- बॉनेटच्या आतल्या बाजूला पंख्याच्या रेषेत पाण्याचे वाळलेले शिंतोडे
- सकाळी स्टार्ट केल्यावर पुढून कुईंऽऽ असा आवाज, ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारा
- पंखा हलवला की डुगडुगतो
- दर आठवड्याला लिटर-अर्धा लिटर पाणी घालावं लागतं
- घाटात तापमानाचा काटा वर चढतो

शेवटच्या लक्षणावर थोडं बोलतो कारण तिथेच जास्त घोळ होतो. गाडी सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येत असेल तर प्रॉब्लेम बहुतेक हवेचा असतो, म्हणजे पंखा, बेल्ट, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा. उलट, साठ-सत्तरच्या स्पीडला किंवा खंबाटकीसारख्या चढाला लोडवर तापत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाहीये, म्हणजे रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की उघडणारी झडप) अडकलेला किंवा पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) झिजलेला. आणि इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटं काटा थोडा वर जातो तो दोष नाही, पाणी फिरायचं थांबलं की ब्लॉकची उष्णता जागच्या पाण्यात उतरते म्हणून तसं होतं.

एक पैसा न लागणारे चेक

पहिलं काम म्हणजे गळती नक्की कुठून होतेय ते शोधणं. वरचा होज पाइप जिथे बसतो तिथून गळलेलं पाणीसुद्धा बॉडीवरून ओघळत खाली त्याच जागी येतं आणि सगळे म्हणतात पंप गेला. मी काय करतो, गाडी पूर्ण थंड असताना सगळा पुढचा भाग जुन्या बनियनने कोरडा पुसतो आणि मग लहान बाळाची टाल्कम पावडर हातावर घेऊन बॉडीवर, होजच्या टोकांवर, पॅकिंगच्या कडेवर फुंकतो, पातळ थर बसला पाहिजे. मग खाली कोरडा पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी तशीच ठेवायची. सकाळी टॉर्च लावून बघितलं की पांढऱ्या पावडरीत ओघळाची रेघ स्वच्छ दिसते, कुठून सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येतं. होजच्या तोंडाशी सुरू झाली असेल तर क्लिप आवळा, होज फुगलेला किंवा कडक झालेला असेल तर बदला, विषय संपला. पॅकिंगच्या कडेला असेल तर नुसतं पॅकिंग बदलायचं आहे. रेघ पोटाखालच्या भोकातून आली असेल तरच सील (फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग) गेलेलं आहे.

त्या भोकाबद्दल सगळ्यांना सांगावंसं वाटतं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, सील आणि बेअरिंगच्या मधोमध. सीलमधून पाणी सुटलं तर ते बेअरिंगमध्ये शिरण्याआधी बाहेर पडावं आणि तुम्हाला दिसावं एवढंच त्याचं काम. माझ्या गाडीचा पंप तिसऱ्यांदा खोलला तेव्हा त्या भोकात एम-सील भरलेलं सापडलं, आधीच्या कोणीतरी गळती बंद केली होती. गळती दिसायची बंद झाली आणि पाणी बेअरिंगमध्ये गेलं, आतल्या ग्रीसचं ताकासारखं झालेलं. तेव्हा ते भोक कधीही बुजवू नका, उलट चिखल-रंग बसला असेल तर तारेने मोकळं करा.

दुसरा चेक पंख्याचा. इंजिन बंद, चावी खिशात, मगच हात घाला. पंख्याची समोरासमोरची दोन पाती धरून वर-खाली, पुढे-मागे हलवा. नुसतं पातं वाकेल तेवढं चालतं पण हबच्या (पंखा ज्यावर बसतो त्या भागाच्या) जागी टक-टक लागत असेल तर बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. आधी पंख्याचे चार बोल्ट टाइट आहेत का ते मात्र बघून घ्या, एका मित्राच्या गाडीचा पंप उतरवायला निघालो होतो आणि निघाले दोन ढिले बोल्ट. बेअरिंगचा प्ले खरा असेल तर गाडी चालवू नका, टक-टक बारीक असली तरी नको. पंखा रेडिएटरच्या अगदी जवळ असतो, शाफ्ट तुटला तर पाती थेट जाळीत घुसतात आणि मग पंपाबरोबर रेडिएटरही गेला.

थोड्या पैशातले चेक

रेडिएटरची कॅप. पूर्ण थंड गाडीवरच उघडा, गरम असताना कापड धरूनसुद्धा नको, त्या वाफेने भाजलेला हात मी बघितलाय. कॅपचं रबर चिरलं असेल, स्प्रिंग ढिली असेल तर प्रेशर धरत नाही आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं, गाडीखाली डाग नाही आणि पाणी तर कमी होतंय असं कोडं पडतं. प्रेशर का लागतं बघा, समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशाला उकळतं, ४ पौंडाच्या (दर चौरस इंचाला) कॅपने ते साधारण १०७ पर्यंत जातं, ७ पौंडाने १११ पर्यंत. आणि महाबळेश्वरला तेच पाणी उघड्यावर ९५-९६ अंशालाच उकळतं, म्हणून कॅप खराब असलेली गाडी गावात ठीक चालते आणि घाटमाथ्यावर उकळते. कॅपवर जो आकडा मूळ होता तोच घ्या. आजकालच्या गाडीची १३ पौंडाची कॅप लावू नका, जुन्या रेडिएटरचे डाक आणि पंपाचं सील तेवढ्या दाबासाठी केलेलेच नाहीत.

फॅनबेल्ट. सगळ्यात लांब पट्ट्यावर मध्यभागी अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच खाली गेला पाहिजे. ढिला असेल तर घसरतो, चिरकतो, पंप आणि डायनामो दोन्ही कमी फिरतात. पण माझ्या अनुभवात ढिल्या बेल्टपेक्षा जास्त पंप मारलेत ते अति टाइट बेल्टने. डायनामो चार्ज करत नाही म्हणून लोक पहार लावून बेल्ट तारेसारखा ताणतात, तो सगळा ताण पंपाच्या पुढच्या बेअरिंगवर येतो, शाफ्ट केसभर तिरका फिरायला लागतो आणि मग सील कितीही चांगलं टाका ते सरळ बसूच शकत नाही. डायनामो चार्ज करत नसेल तर डायनामोचे कार्बन ब्रश बघा, बेल्ट ताणू नका.

आवाजासाठी: बेल्ट काढा आणि थंड इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर तो पंप, डायनामो किंवा बेल्ट. मग इंजिन बंद करून दोन्ही पुल्या एकेक हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं, खराब असेल तर वाळू असल्यासारखं बोटांना लागतं, डोळे मिटून फिरवलं तर जास्त चांगलं कळतं.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवा आणि गॅसवर ठेवा, उकळी यायच्या आत तो उघडताना दिसला पाहिजे. न उघडणारा थर्मोस्टॅट बदला. बरेच मेकॅनिक म्हणतात काढूनच टाका, आपल्याकडे कशाला लागतो. तसं करू नका. इंजिन पुरेसं गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ धरतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं ते वेगळंच.

मग कॅप काढून थंड गाडी स्टार्ट करा, गरम होऊ द्या आणि थर्मोस्टॅट उघडल्यावर वरच्या टाकीत पाणी फिरताना दिसतंय का बघा. एकसारखे बुडबुडे येत असतील, गाडी थंड असतानाही, तर ते हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) असू शकतं. सोबत डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणात चहाच्या सायीसारखा थर दिसत असेल तर इथेच थांबा आणि हेडचं काम करणाऱ्या चांगल्या मेकॅनिककडे जा, पंप बदलून काही होणार नाही.

रेडिएटर चोक आहे का तेही बघायचं: गाडी गरम करून बंद केल्यावर जाळीवरून तळहात फिरवा, मध्येच थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. कोणी कधी गळती थांबवायला हळद घातली असेल तर ती तिथेच जाऊन बसलेली असते. ते काम रेडिएटरवाल्याचं, टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घ्या.

आता पंप खोलायचा

एवढं सगळं बघून भोकातून गळती किंवा बेअरिंगचा प्ले नक्की झाला तरच पुढे. बॅटरीची वायर काढा, पाणी रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हीच्या कॉकमधून सोडा. कुलंट असेल तर टोपात धरा आणि लगेच झाका, गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. मी रेडिएटर काढूनच काम करतो, अर्धा तास जातो पण हात मोकळा चालतो आणि जाळीला पाना लागत नाही. डायनामो ढिला, बेल्ट बाहेर, पंखा आणि पुली बाहेर, मग बॉडीचे चार बोल्ट. बोल्ट सगळे एका लांबीचे नसतील, पुठ्ठ्यावर बॉडीचा आकार काढून ज्या भोकातला बोल्ट त्या जागी खोचून ठेवा.

खोलायच्या आधी व्हर्नियरने दोन मापं घ्या आणि लिहून ठेवा: हबच्या तोंडापासून बॉडीपर्यंतचं अंतर, आणि इम्पेलर बॉडीच्या मागच्या फेसपासून (सपाट पृष्ठभागापासून) किती आत किंवा बाहेर आहे ते. ही मापं नसतील तर बसवताना सगळा अंदाज होतो आणि बेल्टची लाइन चुकते.

मग पुलरने हब काढा. हातोडा नको. बॉडीच्या वरच्या बाजूला भोकातून बेअरिंग लॉक करणारी तार असते ती पक्कडीने ओढून काढा, काही बॉडीत तारेऐवजी ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) सापडतो. ही तार न काढता प्रेस मारून बॉडी फोडलेली मी दोनदा बघितली आहे. तार निघाली की शाफ्ट-बेअरिंग, सील आणि इम्पेलर एकत्र मागच्या बाजूने येतात. मग इम्पेलर पुलरने शाफ्टवरून काढायचा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. सीलची कार्बन रिंग कशावर तरी घासत असते. काही पंपात ती इम्पेलरच्या पाठीवर घासते, काही कॉपी पंपात बॉडीतल्या सीटवर. तुमच्यात कुठे घासते ते काळ्या चकचकीत वर्तुळावरून लगेच कळेल. त्या वर्तुळावर अंगठ्याचं नख आडवं ओढा. नख कुठे अडकलं, खड्डा लागला, गंजाची टोचण लागली, तर नवीन सील त्यावर टिकणार नाही. कार्बन मऊ असतो, खडबडीत फेसवर तो दोन-तीन महिन्यांत झिजतो आणि गळायला लागतो. माझ्या आधीच्या किटचं हेच झालं होतं, दर वेळी सील नवीन आणि फेस तोच जुना. चौथ्या वेळी बॉडी आणि इम्पेलर पिशवीत घालून कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लेथवर नेलं. तिथल्या वयस्कर टर्नरने फेसवर निळा रंग पुसला, नवीन कार्बन रिंग त्यावर ठेवून हळू फिरवली आणि मला दाखवलं, रिंगवर निळा फक्त अर्ध्या वर्तुळात लागला होता. म्हणजे अर्धं सील टेकतच नव्हतं. त्याने लेथवर अगदी हलका कट घेतला, मग काचेवर बारीक वॉटर पेपर ठेवून घोटला, परत निळा लावला, आता पूर्ण गोल उमटला. तो पंप पुढे सहा वर्षं गळला नाही.

फेसवरून ०.२-०.३ मिमीपेक्षा जास्त काढायला लागत असेल तर तो पार्ट बदला, कारण फेस खाली गेला की सीलच्या स्प्रिंगचा दाबही कमी पडतो. इम्पेलरच्या पात्यांच्या कडा बघा, बीडाच्या इम्पेलरला गंज आणि क्षार खातात, कडा पातळ, दातेरी झाल्या असतील तर तो पाणी ढकलत नाही, गळती नसली तरी गाडी चढाला तापेल.

बसवताना

बेअरिंग आणि शाफ्ट एकच युनिट असतं, नवीनच घ्या आणि जुन्याशेजारी ठेवून लांबी, जाडी मोजून घ्या. प्रेस करताना जोर फक्त बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर द्यायचा, शाफ्टवर नाही. आणि हब बसवताना शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला खालून आधार द्यायचा, बॉडीला आधार दिला तर सगळा जोर बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, गोळ्यांचे बारीक ठसे उमटतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. हे एक सांभाळलं तर अर्धं काम झालं.

सील त्याच्या बाहेरच्या कडेच्या मापाच्या सॉकेटने सरळ दाबा. कार्बनच्या फेसला तेलकट बोट लावू नका, लागलं तर स्वच्छ पुसा, रबराला साबणाचं पाणी चालतं. मग इम्पेलर घेतलेल्या मापापर्यंत प्रेस करा आणि बॉडीशी फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा, बी-सिरीजच्या एमजी मॅन्युअलमध्ये ती ०.०२० ते ०.०३० इंच दिली आहे, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण मिमी. कमी ठेवली तर घासतो, जास्त ठेवली तर पाणी मागेच घोळतं. लॉकची तार परत घालायला विसरू नका, बेअरिंगवरची खाच भोकासमोर आली नाही तर तार जाणारच नाही.

शाफ्टवर हब हाताने सरकत असेल तर तो हब बाद. पंच मारून, वेल्डिंगचा टाका मारून किंवा केमिकल लावून बसवू नका, त्याच्यावर पंखा फिरतोय.

ब्लॉकचा फेस खरवडून साफ करा, पॅकिंगला पातळ थर, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा, साधारण १७ पौंड-फूट पुरे. ग्रीसिंगचा स्क्रू असलेली जुनी बॉडी असेल तर त्यात ग्रीसगनने दाबून ग्रीस मारू नका, दाबाने ग्रीस सीलपर्यंत जातं.

पाणी बोअरचं नको. सोलापूर, मराठवाड्याकडचं बोअरचं पाणी वापरणाऱ्यांचे पंप मी उघडलेत, फेसवर पांढऱ्या क्षाराची पपडी असते आणि ती कार्बनला कानसीसारखी घासते. डिस्टिल्ड वॉटर आणि जुन्या पद्धतीचं हिरवं ग्लायकॉल कुलंट, एक तृतीयांश ते निम्मं. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवून हळूहळू भरा, नाहीतर हवा अडकते. पहिला अर्धा तास भोकातून दोन-चार थेंब आले तर घाबरू नका, कार्बन बसतोय. पन्नास किलोमीटरनंतरही थेंब येत असेल तर काहीतरी तिरकं बसलंय.

कधी थांबायचं

बॉडीला तडा असेल तर स्वतः वेल्डिंग नको, बीड तापवल्यावर आणखी फुटतं, ब्रेझिंगचा अनुभव असलेल्याकडेच द्या नाहीतर दुसरी बॉडी शोधा. बोल्ट ब्लॉकमध्ये तुटला आणि पेनेट्रेटिंग ऑइल घालून रात्रभर ठेवूनही हलला नाही तर पुढे ड्रिल हातात घेऊ नका, ब्लॉकचं भोक वाकडं झालं तर इंजिनच उतरवावं लागेल. प्रेस नसेल तर हातोडीने बेअरिंग बसवू नका, बॉडी, बेअरिंग, सील आणि लिहिलेली मापं घेऊन लेथवर जा, समोर उभं राहून करून घ्या आणि आधार कुठे द्यायचा ते स्वतः सांगा. आणि काटा लालमध्ये जाईपर्यंत गाडी एकदा जरी चालली असेल तर पंप झाल्यावर हेड गॅस्केट तपासून घ्याच, लांबच्या प्रवासाला त्याआधी काढू नका.